काळ्या पाषाणातले स्फटिक : संग्रहाची सुरुवात कुठून करावी

पुण्याबाहेर नगर रस्त्यावरचे वाघोली हे नाव जगभरच्या खनिज संग्राहकांना तोंडपाठ आहे. त्याचे कारण कॅव्हॅन्साइट नावाचे गडद निळे खनिज. त्याची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली १९७३ साली, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या नमुन्यांवरून. पण तिथले स्फटिक अगदी बारीक. पांढऱ्या-पिवळसर दगडावर निळेशार गोलाकार झुपके उमटलेले, लांबूनही नजरेत भरणारे नमुने जगाला दिले ते वाघोलीच्या दगडखाणींनी. दर वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टूसॉन शहरात खनिजांचा मोठा बाजार भरतो. तिथे पुणे, नाशिक, जळगाव ही नावे चिठ्ठ्यांवर वाचायला मिळतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्येही आपल्या दख्खनचे दगड मानाने ठेवलेले आहेत.

इकडे आपल्या घरात मात्र कुणी स्फटिक जमवायला लागले की पहिली खरेदी होते ती ब्राझीलच्या जांभळ्या ॲमेथिस्टची किंवा ऑनलाइन दुकानातल्या इंद्रधनुषी चकाकीच्या गारगोटीची. म्हणून खनिजे, स्फटिक किंवा जीवाश्म जमवू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला सल्ला एकच असतो: सुरुवात आपल्या काळ्या पाषाणापासून करा. जगातले उत्तम नमुने इथे निघतात, साधे नमुने काहीशे रुपयांत मिळतात, आणि ज्या जमिनीवर आपण राहतो तिची गोष्ट त्यांतून उलगडत जाते. दुसरा सल्लाही आताच सांगून ठेवतो, कारण तो पहिल्याहून मोलाचा आहे: दगड कुठून आला हे लिहून ठेवल्याशिवाय तो कपाटात ठेवू नका.

खडकाच्या पोटात

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. आज त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे, आणि महाराष्ट्राचा जवळजवळ चार पंचमांश भाग त्यांवर उभा आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर जे आडवे पट्टे दिसतात ते हेच थर. लाव्हा थंड होताना त्यातले वायू वर येतात. प्रवाहाचा वरचा भाग आधी घट्ट झाला की हे बुडबुडे तिथेच अडकतात आणि खडकात पोकळ्या राहतात. पुढे जमिनीखालचे गरम पाणी भेगांतून झिरपते, खडकातले सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवून घेते आणि या पोकळ्यांमध्ये ते थोडेथोडे साचवते. विहिरी खणणारी माणसे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पांढऱ्या ठिपक्यांचा खडक म्हणजे अशा बारीक पोकळ्या पूर्ण भरून गेलेला खडक. पोकळी मोठी असली आणि पूर्ण भरली नाही, तर भिंतींवरून आतल्या मोकळ्या जागेत स्फटिक वाढायला वाव मिळतो. संग्राहकाच्या कामाची पोकळी ती हीच.

पोकळीत खनिजे एका वेळी येत नाहीत, एकामागून एक येतात. खडकाला लागून बऱ्याचदा हिरव्या चिकणमातीचा पातळ थर असतो. त्यावर कधी कॅल्सेडनी किंवा गारगोटी, त्यावर ह्यूलँडाइट आणि स्टिलबाइट, आणि त्यांच्याही वर ॲपोफिलाइट किंवा कॅल्साइट. हा क्रम सगळीकडे सारखा नसतो, पण नमुना हातात घेतला की कोण कोणावर बसले आहे ते पाहायची सवय लावा. खाली असेल ते आधी आलेले. एवढ्या एका निरीक्षणाने दगडाकडे पाहण्याची रीत बदलते.

हे स्फटिक मिळवण्यासाठी सहसा कुणी मुद्दाम खाण काढत नाही. खडीसाठी सुरुंग लागतो, शेतात विहीर खणली जाते, घाटात बोगदा पाडला जातो, तेव्हा पोकळी उघडी पडते. भोर घाटातून रेल्वेचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. त्या खोदकामातही असे स्फटिक निघाले आणि काही थेट विलायतेला पोहोचले. खडीवाल्याला हवा असतो तो घट्ट, पोकळ्या नसलेला पाषाण. पोकळ्यांचा दगड त्याच्या दृष्टीने हलका माल, तो क्रशरमध्ये जातो किंवा बाजूला टाकला जातो. खाणीवरच्या कामगारांनी नजर ठेवून, घणाचा घाव सावरून जे वाचवले तेच आज संग्रहालयांत आहे. म्हणून खाणीवर कुणी तुम्हाला नमुना दिला तर त्याचे योग्य पैसे द्या. तो नमुना जगला तो त्या हातांमुळे.

ओळख पटवताना

सुरुवातीला पाच-सहा खनिजे नीट ओळखता आली तरी पुरे. साधने फारशी लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे भिंग, पोलादी चाकू, छोटे लोहचुंबक, लिंबू आणि दिवसाचा उजेड. भिंग डोळ्याला जवळजवळ चिकटवून धरायचे आणि दगड त्याच्याकडे आणायचा. बहुतेक जण उलटे करतात आणि मग काही दिसत नाही म्हणतात.

दख्खनमधले सर्वांत सहज मिळणारे खनिज म्हणजे स्टिलबाइट. रंग पांढरा, मलईसारखा किंवा फिकट गुलाबी-केशरी, पृष्ठावर मोत्याची झाक. अनेक पातळ स्फटिक एकत्र येऊन मध्यावर आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा आकार तयार होतो. तो एकदा पाहिला की विसरत नाही. ह्यूलँडाइटला हीच मोत्याची झाक असते, पण त्याचे स्फटिक जाडसर, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे निमुळते. स्कोलेसाइटच्या पांढऱ्या किंवा पारदर्शक सुया एका बिंदूपासून पंख्यासारख्या पसरतात. ओकेनाइटचे पांढरे मऊ तंतूंचे गोळे पोकळीच्या तळाशी बसलेले असतात. त्यांना बोट लावायचा मोह प्रत्येकाला होतो आणि तो प्रत्येकाने आवरायला हवा, कारण दबलेले तंतू पुन्हा उभे राहत नाहीत.

ॲपोफिलाइटवर मात्र जरा रेंगाळा. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही खनिजे झिओलाइट नावाच्या गटात मोडतात. शास्त्राच्या हिशेबाने ॲपोफिलाइट त्या गटातले नाही, पण त्यांच्याच पंगतीला बसते. एखादा सुटा, निदान बोटाच्या पेराएवढा स्फटिक घ्या आणि खिडकीपाशी फिरवून पाहा. बाजूच्या चारही पृष्ठांवर भिंगाखाली उभ्या बारीक रेघा दिसतील आणि चमक काचेची असेल. वरचे सपाट पृष्ठ उजेडात तिरके धरले की तिथली चमक एकदम बदलते, मोत्यासारखी होते, आणि खोलवर आडव्या पातळ पापुद्र्यांची चाहूल लागते. ॲपोफिलाइट याच पापुद्र्यांवर सहज दुभंगते. वरच्या बाजूला कोपरे छाटून टोकदार मनोरा झालेला असेल तर मनोऱ्याची चमक पुन्हा काचेची. दोन वेगळ्या चमका एकाच स्फटिकावर, ही त्याची खूण. गारगोटीला ती कधीच नसते. तिचे स्फटिक सहा बाजूंचे आणि रेघा आडव्या असतात. ॲपोफिलाइट बहुधा पांढरे किंवा रंगहीन असते. व्हॅनेडियमच्या अंशामुळे काहींना सुरेख हिरवा रंग येतो. पुण्याच्या पाषाण भागातल्या जुन्या खाणींचे हिरवे ॲपोफिलाइट नावाजलेले होते, आणि राहुरीजवळच्या मोमीन आखाडा इथे २००१ च्या सुमारास निघालेल्या हिरव्या गोलाकार गुच्छांनी जगभरच्या संग्राहकांना वेड लावले. कॅव्हॅन्साइटचा निळा रंगही व्हॅनेडियमचाच.

काठिण्य तपासायला मोहस यांची १८१२ सालची मापनश्रेणी आजही उपयोगी पडते. नख अडीच, पोलादी चाकू साधारण साडेपाच, गारगोटी सात. कॅल्साइट तीन, स्टिलबाइट साडेतीन ते चार, ॲपोफिलाइट साडेचार ते पाच. म्हणजे गारगोटीवर चाकूचा ओरखडा उठत नाही, बाकीच्यांवर उठतो. जुन्या पुस्तकांत तांब्याच्या नाण्याची कसोटी दिलेली असते, पण आपले आजचे रुपयाचे नाणे स्टीलचे आहे, त्याला ती लावू नका. आणि ओरखडा ओढायचा तो फुटक्या तुकड्यावर किंवा मागच्या बाजूला, स्फटिकाच्या चेहऱ्यावर कधीच नाही. कॅल्साइटची शंका असेल तर मागच्या कोपऱ्यावर थोडी पूड खरवडून लिंबाचा थेंब टाका, भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसतील. लगेच पाण्याने धुऊन टाका.

विदर्भातल्या वाचकांनी निराश व्हायचे कारण नाही. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज खाणींमधली खनिजे अभ्यासाला फार समृद्ध आहेत. गोव्यात लोहखनिजाचे नमुने मिळतात. पण सांगण्यासारखे इतके आहे की त्यावर स्वतंत्र लेख व्हावा.

घेताना डोळे उघडे ठेवा

विकत घेण्याआधी भरपूर पाहा. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतले गारगोटी संग्रहालय दख्खनच्या झिओलाइटांसाठी मुद्दाम जाऊन पाहावे असे आहे. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधले भूशास्त्राचे दालनही तसेच. चांगला नमुना कसा दिसतो हे डोळ्यांत बसले की बाजारातला कमअस्सल माल आपोआप खटकू लागतो.

नवख्याने आकाराच्या मागे लागू नये. सुमारे एक इंच घनाच्या डबीत मावणाऱ्या नमुन्याला संग्राहक थंबनेल म्हणतात. एवढ्या लहान तुकड्यावर निर्दोष स्फटिक मिळण्याची शक्यता जास्त, किंमत कमी आणि जागाही कमी लागते. टोके मोडलेला हातभर दगड घेण्यापेक्षा अखंड टोकाचा एक छोटा स्फटिक घ्या. खरेदी करताना भिंगातून सगळ्यात आधी टोके तपासा.

फसवणुकीचे काही प्रकार ठरलेले आहेत. कॅव्हॅन्साइटचे सुटे गोळे स्टिलबाइटच्या दगडावर डिंकाने चिकटवून विकले जातात. खऱ्या नमुन्यात निळा गोळा आणि त्याच्या भोवतालचे स्टिलबाइट एकमेकांत गुंतलेले असतात, स्टिलबाइटचा एखादा स्फटिक गोळ्याच्या कडेवरही चढलेला दिसतो. चिकटवलेल्या गोळ्याच्या बुडाशी भिंगाखाली एक गुळगुळीत, ओलसर वाटणारी कड दिसते आणि खालचे स्फटिक चिरडलेले असतात. नोटा तपासायला वापरतात ती अतिनील विजेरी अंधारात मारली तर बरेच डिंक निळसर चमकतात. दुरुस्त केलेला नमुना घेणे चूक नाही, विक्रेत्याने तसे सांगितले पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे उतरली पाहिजे.

ओकेनाइटचे गुलाबी किंवा निळे गोळे दिसले तर ते रंगवलेले समजा. अकीकाच्या चकत्यांमधला भडक गुलाबी आणि निळा रंगही बाहेरचा असतो, तो भेगांमध्ये जास्त गोळा झालेला दिसतो. सिट्रिन म्हणून विकल्या जाणाऱ्या केशरी स्फटिकांपैकी पुष्कळसे म्हणजे भट्टीत तापवलेले ॲमेथिस्ट. टोकाला करपट केशरी आणि बुडाशी दुधी पांढरे दिसले की ओळखावे. इंद्रधनुषी धातूच्या झळाळीची गारगोटी निसर्गात बनत नाही, तिच्यावर निर्वात भट्टीत धातूचा मुलामा दिलेला असतो. हे शोभेसाठी घ्यायचे तर जरूर घ्यावे, खनिजसंग्रहात त्याला जागा नाही.

आरोग्य, धनलाभ, ग्रहशांती अशा गुणांसाठी स्फटिक विकण्याचा धंदा आता फार वाढला आहे. या दाव्यांना शास्त्रीय आधार नाही, आणि त्या नावाखाली पन्नास रुपयांचा तुकडा पाचशेला जातो. त्यातही स्फटिक पिण्याच्या पाण्यात बुडवून ठेवण्याची पद्धत मला सरळ धोकादायक वाटते. गॅलेनात शिसे असते, हिंगुळात पारा, मॅलाकाइटमध्ये तांबे. खनिजे हाताळून झाली की हात धुवायचे, आणि पोटात काही जाऊ द्यायचे नाही. लहान मुलांच्या घरात हे दोनदा सांगावे.

चिठ्ठी

आता त्या दुसऱ्या सल्ल्याकडे येऊ. दोन अगदी सारखे स्टिलबाइट समोर ठेवा. एकाबरोबर चिठ्ठी आहे: खाण, गाव, तालुका, जिल्हा, सापडल्याचे किंवा घेतल्याचे वर्ष, कोणाकडून घेतले. दुसऱ्याबरोबर काही नाही. पहिला नमुना अभ्यासाला चालतो, संग्रहालय तो स्वीकारते, पुढच्या संग्राहकाला त्याची किंमत असते. दुसरा फक्त शोभेचा दगड. तो भोर घाटाचा की आइसलँडचा हे एकदा विसरले की नुसत्या नजरेने परत सांगता येत नाही.

आपल्याकडे ही अडचण जास्त आहे. व्यापारात पिढ्यान् पिढ्या कुठलाही दख्खनी दगड 'पूना' किंवा 'जळगाव' म्हणून विकला गेला. कधी माहिती नसते म्हणून, कधी खरी जागा दुसऱ्या व्यापाऱ्याला कळू नये म्हणून. त्यामुळे विक्रेत्याने 'जळगाव' म्हटले की तिथे थांबू नका. कोणता तालुका, विहिरीतून की खाणीतून, हे विचारा. त्याला माहीत नसेल तर चिठ्ठीवर 'विक्रेत्याच्या सांगण्यानुसार जळगाव' असेच लिहा. अंदाजाने नेमके गाव लिहिणे हे न लिहिण्यापेक्षा वाईट, कारण पुढचा माणूस ते खरे धरून चालतो.

नावेही बदलतात. औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर आहे, अहमदनगर अहिल्यानगर आहे. जुन्या चिठ्ठीवरचे नाव खोडू नका, ती चिठ्ठी जशीच्या तशी जपा आणि शेजारी आपली नवी चिठ्ठी ठेवा, तीवर दोन्ही नावे असू द्या. जुन्या संग्राहकाच्या हातची चिठ्ठी नमुन्याइतकीच जपण्याची वस्तू आहे. आणि खाणीच संपत चालल्या आहेत. पाषाण, मालाड, कांदिवली इथल्या ज्या खाणींनी एकेकाळी सुंदर नमुने दिले त्यांच्या जागी शहर पसरले. तिथून नवा दगड आता निघणार नाही. जे आहे ते लोकांच्या कपाटांत, आणि चिठ्ठी नसेल तर ते असून नसल्यासारखे.

पद्धत सोपी आहे. नमुन्याच्या मागे, स्फटिक नसलेल्या खडकावर, पांढऱ्या नेलपॉलिशचा छोटा ठिपका द्या. वाळल्यावर बारीक पेनाने क्रमांक लिहा आणि वरून रंगहीन नेलपॉलिश लावा. तोच क्रमांक वहीत, तोच चिठ्ठीवर. वहीत किंमतही लिहा. मोबाइलमध्ये फोटो ठेवावेत, पण वहीला पर्याय नाही. फोन बदलतात, वही राहते.

जपणूक

नमुना नेहमी खडकाला धरून उचलायचा, स्फटिकाला धरून नाही. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, ॲपोफिलाइट ही तिन्ही ठरावीक पातळीवर सहज दुभंगणारी खनिजे आहेत. बोटाच्या दाबाने टोक उडते.

स्वच्छ करताना आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. गारगोटी, स्टिलबाइट, ॲपोफिलाइट यांना साधे पाणी आणि भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब चालतो. पाणी गरम नको. ॲपोफिलाइट आणि झिओलाइटांच्या रचनेतच पाणी असते, तापमान एकदम बदलले तर स्फटिक तडकतात. ओकेनाइटला आणि बारीक सुयांच्या नमुन्यांना पाणी अजिबात लावू नका. हवा भरायच्या रबरी फुग्याने हलका झोत दिला की पुरे. ॲसिड तर घरात आणूच नका. गारगोटीवरचा गंज काढायला लोक ॲसिड वापरतात आणि तेच झिओलाइटवर ओततात. बऱ्याच झिओलाइटांचा ॲसिडमध्ये चिकट लगदा होतो, गेलेला स्फटिक परत येत नाही.

लॉमोंटाइट नावाचे पांढरे खनिज स्वस्तात मिळते, पण नवख्याने ते घेऊ नये. कोरड्या हवेत त्याच्यातले पाणी निघून जाते आणि काही काळाने ते भुगा होऊन पडते. पायराइटला उलट दमट हवा सोसत नाही, कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात ते हळूहळू कुजते, पिवळट पूड सुटते आणि शेजारची चिठ्ठीही खाते. त्याला घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावे. ॲमेथिस्टचा रंग उन्हात फिका पडतो, म्हणून खिडकीत नको. बाकीच्यांना काचेच्या दाराचे कपाट आणि पुठ्ठ्याच्या छोट्या खोक्या पुरतात. खोकीत कापूस घालू नका, त्याचे धागे सुयांमध्ये अडकतात आणि काढताना सुया मोडतात. चुरगळलेला टिश्यू पेपर चांगला.

जीवाश्म : हात राखून

अनेक मराठी घरांत एक जीवाश्म आधीपासूनच आहे. देवघरातला शाळीग्राम. नेपाळमधल्या काळी गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांच्या पोटात बहुधा ॲमोनाइटचा ठसा असतो, जुरासिक काळातल्या समुद्रात राहणाऱ्या, कवचाचे वेटोळे असलेल्या जीवाचा. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता, त्याचा पुरावा आपण पिढ्यान् पिढ्या पुजत आलो आहोत. याला मी श्रद्धेचा आणि विज्ञानाचा झगडा मानत नाही. दोन्ही कारणांनी तो जपावा.

लाव्ह्यात जीवाश्म टिकत नाहीत, पण दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचत, त्यांच्या गाळात ते सापडतात. मुंबईच्या वरळी टेकडीवरच्या अशा गाळातून छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. डायनोसॉर या गटाला नाव देणारे ओवेन तेच. चंद्रपूर जिल्ह्यातले पिसदुरा डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेसाठी अभ्यासकांना माहीत आहे, आणि गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे. शेजारच्या गुजरातेत रैयोलीला डायनोसॉरची अंडी आणि हाडे निघाली. तिथल्याच हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरसचे नामकरण झाले.

इथे माझा सल्ला खनिजांहून वेगळा आहे. एका पोकळीतून शंभर सारखे स्टिलबाइट निघतात, पण एखादे हाड एकमेव असू शकते, आणि ते कोणत्या थरात, कोणत्या बाजूला, कशाशेजारी पडले होते यातच त्याचे निम्मे ज्ञान असते. म्हणून भारतातली हाडे, अंडी, दात विकत घेऊ नका आणि उकरूही नका. घ्यायचेच तर परदेशातून रीतसर येणारे, भरपूर सापडणारे जीवाश्म घ्या: मादागास्करचे ॲमोनाइट, अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हर खडकातले छोटे मासे. मोरोक्कोच्या ट्रायलोबाइट या प्राचीन सागरी जीवाच्या जीवाश्मांत रेझिनमध्ये ओतलेले पुष्कळ असतात. भिंगाखाली गोल हवेचे बुडबुडे दिसले की ते ओतीव काम. शिवाय एकाच दुकानात चार ट्रायलोबाइट अगदी सारख्याच जागी वाकलेले दिसले तर चारही सोडून द्या.

कायद्याचेही भान हवे. खाण म्हणजे कुणाची तरी जागा, तिथे मालकाच्या परवानगीशिवाय आणि सुरुंगाच्या वेळी जाणे जिवाशी खेळ आहे. पावसाळ्यात खाणीच्या भिंती ढासळतात, तेव्हा जाऊच नये. हेल्मेट, जाड बूट आणि दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच; धूळ उडत असेल तर मास्कही, कारण तंतुमय खनिजांची धूळ फुप्फुसाला घातक असते. खडी-मुरमासारख्या गौण खनिजांच्या उत्खननाला राज्याचे २०१३ चे नियम लागू आहेत. अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून किंवा संरक्षित लेण्यांच्या परिसरातून एक खडाही उचलायचा नाही. लोणारचे विवर अभयारण्य आहे, तिथला दगड खिशात घालून आणणाऱ्याला संग्राहक म्हणता येणार नाही.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात आजोबांनी किंवा वडिलांनी विहिरीच्या, रस्त्याच्या, धरणाच्या कामावरून आणलेला चमकता दगड असेल तर तो कुठून आला हे ज्यांना माहीत आहे त्यांना आजच विचारा आणि लिहून दगडाबरोबर ठेवा. शेतात नवी विहीर खणताना स्फटिकांची पोकळी लागली तर घण थांबवा, आधी फोटो काढा, किती फुटांवर लागली ते नोंदवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. हाडासारखे किंवा पानाच्या ठशासारखे काही दिसले तर ते जागचे हलवूही नका.